खोडलेला ‘परंतु’

वडिलांचा आवाज संपला, तरी रेकॉर्डरवरचा हिरवा दिवा तसाच जळत राहिला. कुणी उठून तो बंद केला नाही.

चष्म्याच्या दुकानामागची ती खोली शनिवारी दुपारी नेहमीच अशी पेंगुळलेली असायची. दुकान अर्धा दिवस बंद, पुढची जाळी ओढलेली, आणि जाळीतून गाळून आलेला उजेड कपाटातल्या काचांवर पडून छतभर मऊ, गोल ठिपके उमटवायचा. ते ठिपके डोळ्यांना कळणार नाही इतक्या हळू सरकायचे. लहानपणी तिघं भावंडं फरशीवर उताणी पडून ते मोजायची आणि मोजता मोजता झोपी जायची. ताई आज खुर्चीत बसून तेच करत होती. गेलेल्या माणसाला दीड तास ऐकल्यावर आणखी काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं. वडील जाऊन पाच वर्षं झाली होती, पण आवाज असा होता, की आत्ता पडदा सरकवून येतील आणि म्हणतील, काय गं, चहा ठेवला की नाही?

“म्हणजे आपल्या घरात हे होतं,” वहिनी म्हणाली. दुकानात डोळे तपासायचं काम तिचं. समोरच्या माणसाला दिसतंय की नाही, हे त्याच्या आधी तिला कळायचं. “इतकी वर्षं. आणि सासऱ्यांनी सांगितलं कुणाला, तर नातीला.”

नात, म्हणजे वहिनीची मुलगी, भिंतीला टेकून खाली बसली होती. लहानपणी सारखी गुणगुणायची म्हणून तिचं नाव भुंगी पडलं, ते सत्ताविसाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. शहराच्या ग्रंथालयात ध्वनिसंग्रहाचं काम तिच्याकडे होतं. जुन्या राजवटीतले आणि तिच्याविरुद्धच्या लढ्यातले दिवस ज्यांनी पाहिले, त्या म्हाताऱ्यांकडे जाऊन ती त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायची. पहिला म्हातारा घरातलाच होता. शेवटच्या वर्षी त्याने तिच्यापुढे तोंड उघडलं आणि बजावलं, मी गेल्यावर लाव.

तिने सात महिन्यांपूर्वी ते ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर लावलं. तीनशेक लोकांनी ऐकलं असेल. मग कुणीतरी त्यातले चाळीस सेकंद कापले, खाली ढोल वाजवला, आणि तो तुकडा रानात वणवा लागावा तसा या मोबाईलवरून त्या मोबाईलवर गेला. तुकडा असा होता:

“आम्ही तिघं ओढ्यापलीकडे झुडपात पालथे पडलो होतो. आणि मग पूल उडाला. खरं सांगू? त्या आवाजाइतकं गोड मी जन्मात काही ऐकलं नाही. वाटलं, आता उजाडलं.”

पुढे पन्नास मिनिटांनी वडील त्या पुलावर मेलेल्या माणसाबद्दल बोलत होते. ते कुणी कापून घेतलं नव्हतं. पंधरवड्यापूर्वी न्यायालयाच्या फाटकाशी एक बॉम्ब सापडला, फुटायच्या आधी. तो ठेवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये हा तुकडा होता. त्यानंतर दोन दिवसांत मूळ मुद्रणासकट सगळं इंटरनेटवरून खाली उतरलं आणि भुंगीच्या नावाने नोटीस आली. सोमवारी अकराला सुनावणी. तोवर सोबतच्या माफीपत्रावर सही केली, तर प्रकरण तिथेच मिटेल. नाही तर घातपाताच्या गौरवाबद्दलचं कलम एकोणीस, पाच वर्षांपर्यंत कैद.

आणि कलम एकोणीस ताईने लिहिलं होतं.

कायद्याचे मसुदे लिहिणाऱ्या कार्यालयात ती तेहतीस वर्षं होती, आता दीड वर्षात निवृत्त व्हायची होती. भाऊ तिला चिडवायला कलमताई म्हणायचा. आज मात्र त्याने एकदाही तसं म्हटलं नव्हतं.

“सही करून मोकळी हो,” वहिनी लेकीला म्हणाली. “आजोबा गेले. त्यांना कोण तुरुंगात टाकणार आहे? तू मात्र जिवंत आहेस.”

“आई, त्या कागदावर लिहिलंय, की मी गुन्ह्याचा गौरव केला. मी गौरव केला का?”

“कागदावर काहीही लिहितात. ताई, तुम्हीच सांगा हिला.”

ताईने घसा साफ केला. “सही कर,” ती म्हणाली. ऑफिसात लोकांना सल्ला देताना जो कोरडा स्वर लागतो, तोच लागला. “कलमात ‘हेतू’ हा शब्द नाही. ऐकणाऱ्याला गौरव वाटू शकेल, एवढं पुरे आहे. तू कितीही खरी असलीस, तरी पकडीतून सुटत नाहीस.”

“मग अपवाद?” भुंगीने विचारलं. “इतिहास, अभ्यास, बातमी. असे कायदे जिथे जिथे झालेत तिथले मी वाचले, आत्या. बऱ्याच ठिकाणी शेवटी एक ‘परंतु’ असतो. परंतु अमुक कारणासाठी केलेलं प्रसारण गुन्हा ठरणार नाही. तुझ्या कलमात तो का नाही?”

ताईने चहाचा कप उचलला. तो केव्हाच रिकामा झाला होता. तरी तिने तो तोंडाला लावला.

“ठोंब्या, तू बोल ना काहीतरी,” ती भावाला म्हणाली. पंचावन्न वर्षांचा, अर्धं टक्कल पडलेला, नाकावर स्वतःच्याच दुकानातला चष्मा असलेला तो माणूस बहिणीला अजून ठोंब्याच होता.

“मी काय बोलू?” भाऊ एक काच रुमालाने पुसत होता. सकाळपासून तीच काच. “काल मी भुंगीच्या बाजूने होतो. सकाळी हिने तुरुंगाचं नाव काढलं आणि माझं अवसान गळालं. आता बाबांचं ऐकल्यावर मला माझीच बाजू कळेना.”

“धाकटी आत्या का नाही आली?” भुंगीने हळूच विचारलं.

धाकटी का आली नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी बस स्थानकात स्फोट झाला, त्यात तिचा नवरा गेला. जमिनी मोजायचं काम करणारा, सदा हसतमुख माणूस. तिकिटाच्या रांगेत उभा होता. स्फोट करणारा पोरगा बावीस वर्षांचा, आणि असलेच तुकडे पाहून पाहून तो तयार झाला होता. तिला या खोलीत बसवून हे कसं ऐकवायचं?

वहिनी माफीपत्र पुन्हा वाचायला लागली, आणि तिसऱ्या ओळीशी तिचं बोट थांबलं. “‘सदर संग्रहातील सर्व एकशे बारा मुद्रणे कायमची नष्ट करण्यास माझी संमती आहे.’ सर्व म्हणजे?”

“सर्व म्हणजे सर्व,” भुंगी म्हणाली. “प्रत्येक ऐकून ठरवायला त्यांच्याकडे माणसं नाहीत.”

“माझ्या आईचं पण?”

“आजीचं पण. तिने माळ्यावर दोन बंडखोर पोरांना लपवलं होतं, ते सांगितलंय ना तिने. तेही बसतं कलमात.”

वहिनीने कागद खाली ठेवला. तिची आई मागच्या वर्षी गेली होती. छतावरचे ठिपके आता भिंतीवर उतरले होते, आणि त्यातला एक वहिनीच्या कपाळावर स्थिरावला होता. मग ती म्हणाली, “सही करायची नाही.” आणि नणंदेकडे वळली. “ताई, मला कायदा कळत नाही. पण तुम्ही तो रिकामा कप तोंडाला लावलात, ते मी पाहिलं.”

ताईची ती रात्र कशीबशी गेली. सकाळी ती उठली तेव्हा तिचं ठरलेलं होतं, पण ते ठरवलं कधी, हे तिला आठवेना.

धाकटी शहराच्या पोहण्याच्या तलावावर शिकवायची. रविवारचा तिचा वर्ग मोठ्या माणसांचा असायचा. पाण्याला आयुष्यभर घाबरलेली, चाळिशी-पन्नाशीची माणसं. ताई काचेच्या दारातून आत शिरली तेव्हा गरम, ओल्या हवेने तिचा चष्मा धुकटून गेला, आणि क्षणभर तिला फक्त आवाज ऐकू आले: पाण्याचे, आणि छताला आपटून परत येणारा धाकटीचा शांत सूर. “मान सोडा. मी धरलंय. पाण्याशी भांडू नका. हां, अस्सं.” चष्मा पुसला तर दिसलं, एक दांडगा गृहस्थ डोळे मिटून पाण्यावर तरंगत होता, आणि त्याच्या मानेखाली धाकटीची दोनच बोटं होती.

वर्ग सुटला. माणसं पंचे गुंडाळून गेली. दोघी बहिणी तलावाच्या काठावर पाय सोडून बसल्या. ताईने पायमोजे काढून बुटात कोंबले होते. पाणी कोमट होतं, आणि खोलगट बाजूला इतकं निळं, की बघता बघता झोप यावी.

“दादाचा फोन आला होता,” धाकटी म्हणाली. “मी सोमवारी येणार नाही, ताई. माझ्याकडून काही लिहून हवं असेल तर तेही देणार नाही. भुंगीसाठी जीव तुटतो माझा. पण तो तुकडा मी ऐकलाय.”

“कधी?”

“गेल्या आठवड्यात. इथेच, कपडे बदलायच्या खोलीत. एकीच्या मोबाईलवर. ढोल वाजत होता, आणि मध्येच बाबांचा आवाज. आधी वाटलं, भास झाला. मग कळलं, की आपल्या बापाला स्फोट गोड वाटला होता.” तिने पायाने पाणी ढवळलं. “घरी गेले आणि त्यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. अजून तसाच आहे.”

ताईने घरून जुळवून आणलेली वाक्यं सगळी विसकटली. पण आज थांबली तर पुन्हा कधीच जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“मला तुला काही सांगायचंय. मध्ये बोलू नकोस.”

“मी कधी मध्ये बोलते?”

“हे बघ, बोललीस.”

धाकटी हसली. जराशीच. मग ताईने सांगितलं.

कलम एकोणीसमध्ये ‘परंतु’ होता. तो तिनेच लिहिला होता, तीन रात्री जागून. इतिहास, संशोधन, कला आणि बातमी यांसाठी सद्भावनेने केलेलं प्रसारण गुन्हा ठरणार नाही. समितीने तो वाचला, दोन तास घासाघीस केली आणि मंजूर केला. समोर तांबड्या पेन्सिलीची खूण झाली. उरलं होतं ते फक्त स्वच्छ प्रत काढायचं. ती प्रत सभागृहात जाणार होती.

“त्या दिवशी सकाळी मी तुझ्याकडे आले होते,” ताई म्हणाली. “दोन वर्षांचा तपास संपला, म्हणून पोलिसांचा माणूस पिशवी घेऊन आला होता. तू सही केलीस आणि पिशवी उघडलीस. त्यात त्याचा एकच बूट होता.”

धाकटीचं पायाने पाणी ढवळणं थांबलं.

“तिथून मी ऑफिसात गेले. प्रत काढायला बसले. त्या ‘परंतु’शी आले आणि माझा हात चालेना. वाटलं, ज्यांनी हे केलं त्यांच्यासाठी एवढीसुद्धा फट का ठेवायची? मी तो परिच्छेद गाळला. खालचे आकडे सारखे केले. बेचाळीस पानं होती. चार वाजता समितीसमोर ठेवली, अकरा बैठकांनी सगळे थकले होते, कुणी पान उलटलं नाही. सह्या झाल्या. कायदा झाला. मला कुणी सांगितलं नव्हतं, धाकटे. कुणी दडपण आणलं नव्हतं. मीच खोडलं.”

तलावाच्या दुसऱ्या टोकाला पाणी गाळायचं यंत्र घरघरत होतं.

“माझ्यासाठी?” धाकटीने शेवटी विचारलं.

“तुझ्यासाठी.”

“मी मागितलं होतं?”

“नाही.”

“मग ते माझ्या नावावर का टाकतेस?” तिचा आवाज चढला नाही. “माझं दुःख घेऊन तू ऑफिसात गेलीस, आणि त्याचा कायदा केलास. मला विचारलंसुद्धा नाहीस. सहा वर्षं लोक मला म्हणतात, बरं झालं बाई असा कडक कायदा आला. मी मान डोलावते. मला काय माहीत, की तो माझ्या बहिणीने चोरून केलाय?”

ताईने बचाव केला नाही. माणूस बचाव करत नाही तेव्हा त्याच्यावर चिडून राहणंही अवघड होतं. धाकटीने हाताने डोळे पुसले. हात ओलाच होता, त्यामुळे काय पुसलं ते कळलं नाही.

“तुझ्या त्या पिशवीत काय आहे?” तिने थोड्या वेळाने विचारलं.

“रेकॉर्डर. त्या तुकड्याच्या पुढचं. नको असेल तर परत नेते.”

“पुढे आहे?”

“पन्नास मिनिटांनी.”

धाकटीने पिशवी ओढून घेतली. यंत्राची घरघर, कोमट हवा, आणि त्यात वडिलांचा आवाज सुरू झाला. तो रिकाम्या तलावावर असा पसरला, की भिंतीच बोलू लागल्या असं वाटावं.

“धूर विरला तेव्हा पाण्यात एक सायकल दिसली. तिचं वरचं चाक अजून फिरत होतं. तो टपालवाला होता. मंगळवारी यायचा तो, आणि आम्ही मुद्दाम बुधवार धरला होता. आदल्या दिवशी त्याला ताप होता म्हणे. मी त्याला नावाने ओळखत होतो. हातात पत्र देताना म्हणायचा, चांगलंच असेल, उघडा. माझे सोबती पळाले. मी पाण्यात उतरलो. त्याची पत्रं वाहून चालली होती, मी ती गोळा करत बसलो, मूर्खासारखा. त्याच्या घरी एक बाई असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. पुढे सुचलं. मग रोज सुचलं. मी काचा घासायचा धंदा धरला तो त्याच्यासाठी. वाटलं, कुणाला तरी आपल्यामुळे नीट दिसू दे. त्याने काही फिटत नाही. पोरी, मघाशी मी तुला म्हटलं, तो आवाज गोड होता. ते खरं आहे. आणि हे पण खरं आहे. एक सांगून दुसरं लपवलं, तर मी खोटारडा.”

धाकटीने ते दोनदा ऐकलं. मग रेकॉर्डर बंद केला, दोन्ही हात काठावर टेकवले आणि आवाज न करता पाण्यात उतरली. कपड्यांसकट, खांद्यापर्यंत. तिथे ती डोळे मिटून उभी राहिली. ताई काठावर बसून होती. तिला पोहता येत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

“सोमवारी किती वाजता?” धाकटीने डोळे न उघडता विचारलं.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. तीन जणांचं मंडळ, मध्ये अध्यक्षबाई, पिकल्या केसांच्या, एका कानात श्रवणयंत्र. सरकारी वकील तरुण होता आणि, ताईला कबूल करावं लागलं, नेमकं बोलत होता.

“या मुलीचा हेतू वाईट होता असं माझं म्हणणं नाही,” तो म्हणाला. “पण बॉम्ब ठेवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये तिच्या आजोबांचा आवाज होता. तो बॉम्ब फुटला असता तर आपण मेलेल्यांच्या घरी जाऊन काय सांगितलं असतं, की तो इतिहास होता? कलमात अपवाद नाही. कायदा करणाऱ्यांना तो ठेवायचा असता तर त्यांनी ठेवला असता.”

“त्यांनी ठेवला होता,” ताई उभी राहून म्हणाली.

ताईने नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि काल तलावावर जे सांगितलं तेच सरळ, क्रमाने सांगितलं. बुटाचं तेवढं सांगितलं नाही. ते तिचं नव्हतं, धाकटीचं होतं. म्हणाली, “त्या दिवशी माझं मन थाऱ्यावर नव्हतं, पण ही सबब नाही.” समितीचं इतिवृत्त आणि तांबड्या खुणांचा मसुदा अमुक खोलीत, अमुक कपाटात आहे, तो मागवावा.

अध्यक्षबाईंनी श्रवणयंत्र कानात नीट बसवलं. “तुम्ही काय कबूल करताय, याचा अर्थ कळतोय ना तुम्हाला?”

“शब्दांचे अर्थ लावण्यातच नोकरी गेली माझी, बाई. कळतोय.”

फाईल यायला दोन तास लागले. घरचे लोक बाहेरच्या बाकावर ओळीने बसले. भुंगी आत्याच्या शेजारी आली, आणि नकळत गुणगुणायला लागली, कसलीच चाल नसलेलं काहीतरी. वहिनीने पर्समधून बिस्किटं काढून पहिलं ताईला दिलं. त्या लांबलचक, पिवळट उजेडाच्या बोळात बसून ताईला वाटलं, आपण एखाद्या गाडीतून जातोय आणि बाहेर तेहतीस वर्षं मागे पळताहेत. भीती कशी वाटत नाही, याचंच तिला नवल वाटत होतं.

फाईल आली. ‘परंतु’ तिथे होता. तांबडी खूणही होती. तिघांनी तो आळीपाळीने वाचला, वकिलानेही वाचला आणि बराच वेळ ते पान हातात धरून राहिला.

तेव्हा धाकटी उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

“मला बोलायचंय. माझा नवरा बस स्थानकातल्या स्फोटात गेला. आणि ज्यांचा आवाज तुम्ही ऐकलात, ते माझे वडील. त्यांनी एका बाईचा नवरा मारला, हे मला काल कळलं.” ती थांबली. “तो ढोलाचा तुकडा मला पुन्हा कुठेही ऐकू यायला नको. तो पसरवणाऱ्यांना धरा, बंदी घाला, मी हात जोडते. वकीलसाहेब म्हणतात ते मला पटतं, कारण ज्यांच्या घरी जाऊन सांगावं लागतं, त्यातली मी आहे. पण पूर्ण मुद्रण पुसू नका. तो टपालवाला जगात आता तेवढ्या एकाच जागी आहे. ते पुसलंत तर बाबांचं गोड वाटणं मोबाईलवर उरेल आणि तो माणूस राहणार नाही. मला माझ्या नवऱ्याच्या बाबतीत असं झालेलं चाललं नसतं.”

ती खाली बसली. मग ताईकडे न बघताच तिने हळूच म्हटलं, “तुला मी माफ केलेलं नाही.”

“माहीत आहे,” ताई म्हणाली.

निकाल चार वाजता आला. भुंगीवरची नोटीस मागे घेतली. पूर्ण मुद्रण परत लावायला परवानगी, अखंड स्वरूपातच. कापलेल्या तुकड्यावरची बंदी कायम. बाकीची एकशे अकरा मुद्रणं न ऐकता नष्ट करता येणार नाहीत. गाळलेल्या तरतुदीचं काय करायचं ते सभागृहाने ठरवावं. आणि ताईला त्याच क्षणापासून कामावरून दूर केल्याचा कागद हाती पडला. चौकशी होईल, खटलाही होऊ शकेल. तिने कागद वाचला. दुसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम चुकला होता. तो दाखवायचा मोह तिने आवरला.

बाहेर रस्त्यावर संध्याकाळ नुकती उतरू लागली होती. धुकं नव्हतं, पण समोरच्या इमारती धुक्यात असल्यासारख्या पुसट दिसत होत्या. वहिनी आणि भुंगी पुढे निघून गेल्या, ग्रंथालयात आजच ते मुद्रण परत लावायचं म्हणून. तिघं भावंडं बसथांब्यावर बसली, वयाने लहान झाल्यासारखी, एकमेकांना खेटून.

“दादा,” धाकटी म्हणाली, “आईला माहीत असेल का रे?”

भावाने चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा फार उघडा दिसायचा.

“माहीत होतं,” तो म्हणाला. “शेवटच्या आजारपणात तिने मला सांगितलं. कुणाला सांगू नकोस म्हणाली, म्हणून नाही सांगितलं. बाबांनी लग्नाच्या आधीच तिच्याजवळ सगळं उघड केलं होतं. पूल, टपालवाला, सगळं.”

“आणि तरी तिने लग्न केलं?” ताईने विचारलं.

“मी पण हेच विचारलं.”

“मग? काय म्हणाली?”

“म्हणाली, दोन वर्षं थांबले. रोज त्याच्याकडे बघत होते. मग एक दिवस केलं.”

“पण का?” धाकटीने विचारलं.

“ते नाही सांगितलं. म्हणाली, खिडकी उघड, मला बाहेर बघायचंय.”

बस आली, दार उघडून क्षणभर उभी राहिली. तिघांतलं कुणीच उठलं नाही. दार मिटलं आणि बस निघून गेली. मग धाकटीने ताईच्या हातातला तो कामावरून दूर केल्याचा कागद काढून घेतला, घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवला.